खिशातील दूरध्वनी आणि पेढीचे गुपित

व्यापार हा वरवर पाहता मालाचा आणि पैशाचा व्यवहार असला, तरी त्याचा खरा पाया विश्वास हाच होय. कोणत्या गिऱ्हाइकाची उधारी किती, कोणास कोणत्या भावाने माल दिला, कोणाच्या घरी लग्न निघाले म्हणून कापडाची चौकशी झाली, कोणाचा हात सध्या आखडला आहे, या साऱ्या गोष्टी जुन्या पेढीवरील दिवाणजीस ठाऊक असत. आणि त्या त्याच्या पोटातच राहत. दुसऱ्याच्या खतावणीत डोकावणे हे चोरीहून फारसे निराळे मानले जात नसे. बेळगावची रविवार पेठ असो, इंदूरचा सराफा असो किंवा निपाणीच्या तंबाखूच्या वखारी असोत, ही मर्यादा सर्वत्र सारखीच होती. ताग्यावर खरेदीची किंमत सांकेतिक अक्षरांत लिहिण्याची चाल तर आपल्यातील वडीलधाऱ्यांनी प्रत्यक्ष पाहिलेली आहे.

आज ती कीर्द-खतावणी आपल्या खिशात आली आहे. हिशेब, बँक, हुंडीच्या जागी आलेले क्षणात होणारे पैशाचे देणे-घेणे, मालाचे फोटो, गिऱ्हाइकांचे नंबर, घरच्यांची बोलणी, सारे एका स्मार्टफोनात सामावले आहे. पूर्वीची वही मुकी होती. ती लिहिलेले सांभाळून ठेवी, आणखी काही करीत नसे. हा नवा सोबती मात्र बोलका आहे. तो कोणाशी, केव्हा आणि काय बोलतो याची माहिती व्यापाऱ्याने करून घेणे आता आवश्यक झाले आहे; कारण त्यात गुपित आपले एकट्याचे नसून आपल्यावर विसंबलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचे आहे.

आवारात नसलेल्या मालाचा लिलाव

बाजार समितीच्या आवारात सौदा कसा होतो हे आपणांस नव्याने सांगावयास नको. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची पद्धत मागे पडून उघड लिलाव आला, तो शेतकऱ्याला आपल्या मालाचे काय होत आहे हे डोळ्यांनी पाहता यावे म्हणून. शेतकरी ढिगाजवळ उभा असतो, आडत्या पुकारा करतो, खरेदीदार बोली बोलतात.

आता दुसरा एक लिलाव पाहा. आपण फोनवर एखादे वृत्तपत्र उघडतो. ते पान पडद्यावर पुरते उमटण्यापूर्वीच त्यातील जाहिरातीच्या मोकळ्या जागेचा पुकारा एका दूरच्या यंत्रावर होतो. वाचक कोणते पान वाचीत आहे, त्याचा फोन कोणत्या जातीचा, तो साधारण कोणत्या गावी आहे, त्याचा ओळखक्रमांक कोणता, ही माहिती अनेक बोलीदारांकडे एकाच वेळी धाडली जाते. ज्याची बोली सर्वांत मोठी त्याची जाहिरात पानावर येते. हा सारा सौदा एका सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास उरकतो. या लिलावात विकला जाणारा माल म्हणजे वाचकाचे लक्ष. आणि तो वाचक मात्र आवारात हजर नसतो. त्याहून विशेष असे की, ज्यांनी बोली जिंकली नाही त्यांनाही नमुना पाहावयास मिळालेला असतो. तो पाहून त्यांनी काय टिपून ठेविले, याचा पडताळा घेणे जवळजवळ अशक्य आहे.

येथे जाहिरातीला दोष देण्याचा हेतू नाही. ही स्मरणिकासुद्धा आपल्या बांधवांच्या जाहिरातींवरच निघते. परंतु या स्मरणिकेतील जाहिरात वाचकाकडे उलटून पाहत नाही. तिने किती वेळ डोळे खिळवले, ती वाचून वाचक कोणत्या दुकानात गेला, हे ती कोणास कळवीत नाही. फरक आहे तो एवढाच, आणि तो लहान नाही.

खुणेच्या चिठ्ठीपासून परक्या पाहुण्यापर्यंत

या पाळतीचा उगम मोठ्या निरुपद्रवी गरजेत आहे. प्रारंभीच्या वेब-पानांना स्मरणशक्ती नव्हती. गिऱ्हाइकाने टोपलीत एक वस्तू टाकून दुसरी पाहावयास जावे, तो दुकानदाराने ‘आपण कोण?’ म्हणून पुन्हा विचारावे, असा प्रकार होता. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँतुली यांनी यावर तोड काढली. दुकानाने गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये एक लहानशी खुणेची चिठ्ठी ठेवावी व पुढच्या खेपेस ती पाहून ओळख पटवावी. हीच ‘कुकी’ होय. ज्या दुकानाने चिठ्ठी दिली त्यानेच ती वाचावी, येथवर सारे ठीक होते. परंतु एका पानात दहा ठिकाणांहून आणलेली चित्रे व जाहिराती असू शकतात, आणि त्यांतील प्रत्येकाला आपली चिठ्ठी ठेवता येते. एकाच जाहिरात-कंपनीचा माल हजारो पानांवर असला, म्हणजे तिला एकच माणूस कोठून कोठे गेला हे ओळीने कळते. दुकानदाराची खूण अशा रीतीने पाळत ठेवणाऱ्याची खूण झाली.

१९९५ साली त्याच कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट ही भाषा सिद्ध केली. तोपर्यंत पान म्हणजे छापील कागदासारखे होते. या भाषेमुळे पान स्वतः काम करू लागले. आज बँकेचा व्यवहार किंवा तिकिटाची नोंदणी तिच्यावाचून होत नाही. पण स्क्रिप्ट म्हणजे दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावली आपल्या यंत्रावर चालणे होय. आपण एका पाहुण्यास घरात घेतो आणि त्याच्या पाठोपाठ अनोळखी दहा माणसे आत शिरून कपाटे न्याहाळू लागतात, अशी स्थिती पुष्कळ पानांवर असते.

परक्या कुकींना बंदी घालावी हा विचार मान्य होण्यास वेळ लागला. फायरफॉक्सने २०१९ मध्ये माग काढणाऱ्या ज्ञात कंपन्यांच्या कुकी आपण होऊन अडविण्यास प्रारंभ केला. ॲपलच्या सफारीने मार्च २०२० पासून सर्वच परक्या कुकी बंद केल्या. क्रोमनेही जानेवारी २०२० मध्ये तसेच करण्याची घोषणा केली, मुदती वाढविल्या, आणि अखेर जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. क्रोम ज्या गूगलचा, त्या गूगलचे मुख्य उत्पन्न जाहिरातीचे आहे. जो मापाडी स्वतःच खरेदीदार असतो त्याच्या काट्याकडे आपण अंमळ निरखून पाहतो. तसेच येथेही पाहिले पाहिजे.

चिठ्ठी फाडली तरी चेहरा ओळखतात

कुकी पुसून टाकली म्हणजे सुटलो, असे मानणे भोळेपणाचे होईल. प्रत्येक यंत्राच्या अंगावर स्वतःच्या खुणा असतात. पडदा किती मोठा, कोणते टंक बसविलेले आहेत, घड्याळ कोणत्या देशाच्या वेळेचे, चित्र रेखाटताना रंगाच्या छटा कशा उमटतात, असे साधे प्रश्न स्क्रिप्ट ब्राउझरला विचारते. एकेक उत्तर क्षुल्लक असते. परंतु सारी एकत्र केली म्हणजे बोटाच्या ठशासारखी ओळख तयार होते. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने २०१० साली सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझरांचे ठसे तपासले, तेव्हा त्यांतील शेकडा ८३.६ इतरांहून सर्वस्वी वेगळे, म्हणजे ओळखता येण्याजोगे निघाले. चिठ्ठी फाडता येते. चेहरा फाडता येत नाही.

पुढच्या दारी पहारा, मागच्या दारी वाट

यावर उपाय म्हणून स्क्रिप्ट अडविणारी साधने निर्माण झाली. इटलीचे जॉर्जो माओने यांनी २००५ साली फायरफॉक्ससाठी ‘नोस्क्रिप्ट’ तयार केले. त्याचा नियम कडक आहे: मालकाने परवानगी दिल्यावाचून कोणतीही स्क्रिप्ट चालणार नाही. २०१४ साली रेमंड हिल यांचे ‘यूब्लॉक ओरिजिन’ आले. त्याची रीत निराळी. माग काढणाऱ्या ठिकाणांची यादी जवळ ठेवून ते तेवढ्यांनाच दारावर अडविते. पहिले म्हणजे प्रत्येकास नाव विचारणारा पहारेकरी, दुसरे म्हणजे नामांकित भामट्यांची चित्रे जवळ बाळगणारा. सर्वसाधारण व्यापाऱ्यास दुसरा अधिक सोयीचा; कारण पहिल्यामुळे पैसे भरण्याची खिडकीसुद्धा उघडेनाशी होते, आणि मनुष्य वैतागून पहाराच काढून टाकतो.

पहारा बसला म्हणून पलीकडचे स्वस्थ बसले असे मात्र झाले नाही. त्यांनी ज्या वाटा काढल्या त्या समजून घेण्यासारख्या आहेत. पहिली वाट वेषांतराची. माग काढणारी कंपनी परकी असली, तरी संकेतस्थळाचा मालक आपल्याच नावाची एक शाखा तिला बहाल करतो. पहारेकऱ्याला वाटते हा घरचाच नोकर. प्रत्यक्षात त्याचा मालक दुसराच असतो. फायरफॉक्सवरील यूब्लॉक ओरिजिनला अशा नावामागचे मूळ नाव शोधता येते. दुसरी वाट परसदाराची. वाचकाच्या यंत्रावर परकी स्क्रिप्ट न चालविता संकेतस्थळ स्वतः सारे टिपते आणि आपल्या यंत्रावरून परभारे पुढे धाडते. येथे वाचकाच्या दारावरचा पहारेकरी हतबल होतो. कारण माल त्याच्या दारावरून जातच नाही. तिसरी वाट अडवणुकीची: ‘पहारा काढा, तरच पान दाखवू.’ चौथी वाट पहारेकऱ्याचेच हात बांधण्याची. क्रोमने आपल्या जोड-साधनांचे नियम बदलले आणि २०२४ व २०२५ या काळात पूर्ण शक्तीचे यूब्लॉक ओरिजिन त्यावर चालणे बंद झाले; त्याची सौम्य आवृत्ती तेवढी उरली. फायरफॉक्सवर, अँड्रॉइड फोनवरील फायरफॉक्ससह, मूळ साधन चालते.

या वाटांत सर्वांत नवल वाटावे अशी वाट जून २०२५ मध्ये उघडकीस आली. माद्रिदची इमडिया नेटवर्क्स, नेदरलँड्समधील राडबाउड विद्यापीठ व बेल्जियममधील ल्यूवेन विद्यापीठ येथील संशोधकांनी दाखवून दिले की, मेटा आणि रशियाची यांडेक्स या कंपन्यांच्या स्क्रिप्ट ज्या संकेतस्थळांवर होत्या, ती अँड्रॉइड फोनवर उघडली असता त्या स्क्रिप्ट त्याच फोनातील त्या कंपन्यांच्या ॲपशी आतल्या आत बोलत असत. मेटाच्या बाबतीत फेसबुक व इन्स्टाग्राम ही ती ॲपे होती. ब्राउझरमध्ये कोणी काय पाहिले हे ॲपला कळे, आणि ॲपला तर माणसाचे नाव ठाऊकच! कुकी पुसल्या किंवा ‘गुप्त’ खिडकी वापरली तरी ही वाट बंद होत नसे. यांडेक्सचा हा प्रकार २०१७ पासून आणि मेटाचा सप्टेंबर २०२४ पासून चालू होता असे आढळले. बोभाटा होताच मेटाने तो थांबविला. एकाच घराच्या दोन खोल्यांत बसलेल्या दोन परक्यांनी भिंतीला भोक पाडून एकमेकांस निरोप द्यावेत, आणि घरमालकाला पत्ताही नसावा, असा हा प्रकार होय. ‘गुप्त’ खिडकी म्हणजे आपल्या फोनावर इतिहास न ठेवणारी खिडकी. पलीकडच्यापासून लपविणारी नव्हे, हा धडा यातून सर्वांनी घ्यावा.

यादी आपली, पण नावे दुसऱ्यांची

ब्राउझरवर निदान पहारा बसविता येतो. ॲपच्या आत तोही बसविता येत नाही. म्हणून जे काम ब्राउझरमध्ये होण्यासारखे आहे त्यासाठी ॲप घेऊच नये, हा पहिला विवेक. ॲपे माणसाच्या हालचालीचीही नोंद घेतात. न्यूयॉर्क टाइम्सने डिसेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासात एकाच माहिती-संचात १ कोटी २० लाखांहून अधिक अमेरिकन फोनांच्या ठावठिकाणांच्या ५००० कोटींहून अधिक नोंदी होत्या. नावे नव्हती, पण रात्री जो फोन एका घरी आणि दिवसा एका कचेरीत असतो, त्याचे नाव काढण्यास कितीसा वेळ लागणार? व्यापाऱ्याच्या बाबतीत तर ठावठिकाणा म्हणजेच खरेदीचे गुपित: तो कोणत्या गावी, कोणत्या गिरणीत, कोणत्या वखारीत गेला, हे कळले म्हणजे पुढचे सांगावे लागत नाही.

परंतु सर्वांत नाजूक वस्तू म्हणजे फोनातील नावांची यादी. एखादे ॲप ती मागते आणि आपण विचार न करता ‘हो’ म्हणतो. त्या एका होकाराने शेकडो गिऱ्हाइके, आडते, नातलग यांची नावे व नंबर आपण परक्याच्या हवाली करतो. त्यांना न विचारता. झटपट कर्ज देणाऱ्या कित्येक ॲपांनी हीच यादी हाताशी धरून कर्जदाराच्या नातलगांस व ओळखीच्यांस फोन करून त्याची अब्रू चव्हाट्यावर मांडली, हे आपल्या देशाने पाहिले आहे. लहान पगाराचा नोकर अडचणीत असे कर्ज काढतो आणि त्याच्या फोनात आपल्या दुकानाची सारी गिऱ्हाइके असतात, याचा विचार मालकाने करावयास हवा. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार कर्ज देणाऱ्या ॲपांना नावांची यादी, संभाषणांची नोंद व फोनातील फाइली पाहण्यास मनाई झाली. नियम चांगला आहे. पण जे ॲप मुळात बेकायदा आहे ते नियम पाळील अशी आशा कशी धरावी?

कायद्याची बाजू

आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमताने निर्णय दिला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ साली संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य जबाबदाऱ्या पाळण्यास त्यांत अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे. माहिती कशासाठी घेतो ते स्पष्ट सांगावे, संमती घ्यावी, ती काढून घेण्याची मुभा ठेवावी, आणि काम संपल्यावर माहिती पुसावी, हा त्याचा गाभा होय. माहिती सुरक्षित राखण्यात कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो.

हा कायदा मोठ्या कंपन्यांचा, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणू नये. बिल करताना गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर टिपणारे आपले लहानसे दुकानही माहितीचे धारकच आहे. नंबर दिल्यावाचून बिल करणार नाही, असा हट्ट दुकानदाराने धरू नये, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच केलेली आहे. तसेच आपल्या दुकानाचे संकेतस्थळ तयार करून घेताना कारागिराने त्यात कोणाकोणाच्या स्क्रिप्ट बसविल्या याची चौकशी किती जण करतात? न विचारता बसविलेली एक परकी स्क्रिप्ट म्हणजे आपल्या दुकानाच्या खांबाआड उभा केलेला दुसऱ्याचा टिपणीस होय.

करावयाच्या गोष्टी

व्यवहारात उपयोगी पडतील अशा काही गोष्टी येथे एकत्र देतो. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणत्या ॲपला ठिकाण, नावांची यादी, ध्वनिग्राहक व कॅमेरा यांची परवानगी आहे हे पाहावे आणि कामापुरती ठेवून बाकीची काढावी. अँड्रॉइडमधील जाहिरातीचा ओळखक्रमांक पुसून टाकण्याची सोय आहे, ती वापरावी. आयफोनवर एप्रिल २०२१ पासून माग काढण्यापूर्वी ॲपला विचारावे लागते, तेथे नकार द्यावा. सामान्य वाचनासाठी स्क्रिप्ट अडविणारे साधन बसविलेला एक ब्राउझर आणि बँक, वस्तू व सेवा कराचे काम यांसाठी दुसरा मोकळा ब्राउझर, अशी विभागणी ठेविल्यास पैसे भरताना खोळंबा होत नाही. एखादे पान अडले तर त्या एका पानापुरताच पहारा उठवावा, कायमचा नव्हे. धंद्याचा फोन आणि घरचा फोन शक्य तर वेगळे असावेत. नोकराने गिऱ्हाइकांची यादी स्वतःच्या फोनात न ठेवता दुकानाच्या फोनात ठेवावी. न वापरलेली ॲपे दर दिवाळीला, जुन्या वह्या आवरताना, काढून टाकावीत. यांपैकी कोणताही उपाय पूर्ण नाही. परंतु कुलूप अभेद्य नसते म्हणून कोणी दुकान उघडे टाकून घरी जात नाही.

‘आम्हांस लपवावयाचे आहे तरी काय?’ असे पुष्कळ जण विचारतात. कर चुकविण्यासाठी लपविणे निराळे. कायद्याने मागितलेला हिशेब सरळ दाखविलाच पाहिजे. परंतु सचोटीचा व्यापारीसुद्धा आपली खतावणी ओट्यावर उघडी टाकीत नाही. कारण तीत त्याचे एकट्याचे नव्हे, गावाचे मन लिहिलेले असते.

व्रताची दृष्टी

आपल्या परंपरेला हा प्रश्न नवा नाही. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात गृहस्थाच्या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. सत्याणुव्रताच्या अतिचारांत केवळ खोटे बोलण्याचाच विचार नाही. दुसऱ्याचे एकांतातील वर्तन उघड करणे, हे रहोभ्याख्यान; विश्वासाने ठेविलेली ठेव बळकावणे, हा न्यासापहार; आणि दुसऱ्याच्या हावभावांवरून त्याच्या मनातील हेतू ताडून तो प्रकट करणे, हा साकारमंत्रभेद. बोट कोठे थांबले, नजर कशावर रेंगाळली, यावरून मनुष्याची इच्छा ओळखून ती विकण्याच्या आजच्या धंद्याला याहून नेमके नाव सापडणे कठीण. अचौर्यव्रताचा पाया तर न दिलेले न घेणे हाच आहे. ‘मान्य’ हे बटन मोठे आणि ‘अमान्य’ हे आडबाजूस दडविलेले ठेवून मिळविलेली संमती ही दिलेली म्हणावी काय? कुकी स्वीकारण्याइतके नाकारणे सोपे ठेविले नाही, म्हणून फ्रान्सच्या माहिती-संरक्षण आयोगाने गूगलला १५ कोटी व फेसबुकला ६ कोटी युरो दंड केल्याचे जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केले. अदत्तादानाचा विचार तेथे दुसऱ्या भाषेत झाला, एवढेच.

आणि परिग्रहपरिमाण? ते केवळ सोने, धान्य व जमीन यांपुरते का मानावे? गरज नसता गोळा केलेली दुसऱ्यांची माहिती हाही परिग्रहच होय. तो सांभाळण्याची चिंता आहे, फुटल्यास दोष आहे, आणि उपयोग क्वचितच आहे. जो नंबर आपण घेतलाच नाही, तो आपल्या दुकानातून कधी चोरीस जाणार नाही.

तेव्हा येत्या वर्षी आपल्या संघाच्या सभासदांनी निदान दोन गोष्टींचा नियम करावा अशी नम्र विनंती आहे. गिऱ्हाइकाची जेवढी माहिती कामास लागते तेवढीच घ्यावी व काम झाले की पुसावी. आणि आपल्या संकेतस्थळावर परका टिपणीस उभा करू नये. मोठमोठ्या कंपन्या काय करतात ते आपल्या हाती नाही. आपल्या ओट्यावर पाय ठेवणाऱ्या माणसाला येथे तरी आपल्यावर पाळत नाही असे निश्चिंत वाटावे, हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. पूर्वजांनी मिळविलेली पत याच निश्चिंततेवर उभी होती, आणि पुढच्या पिढीस द्यावयाची तीही हीच.

जय जिनेंद्र.